तात्यांचा उजवा हात: सहा महिने उलटले, आता व्यायाम थांबवायचा का?

कोयनाकाठ | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, तात्या, वय ६८. कराडात टेलरिंगचं दुकान, चाळीसेक वर्षं. गेल्या जुलैत पहाटे अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू. आईला वाटलं हात अवघडलाय. तिने तेल चोळलं, चहा दिला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला तेव्हा ती घाबरली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सात तास झाले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, ते हुकलं. तो विषय आता घरात कोणी काढत नाही.

आजची स्थिती अशी. चार पायांची काठी घेऊन घरात चालतात. उजवा चवडा उचलत नाही, म्हणून पाय बाहेरून गोल फिरवून टाकतात. हात उचलायला गेले की कोपर दुमडून हात छातीशी येतो आणि बोटं मिटतात. मिटलेली बोटं मात्र स्वतःहून उघडत नाहीत. आपण बोललेलं सगळं कळतं, पण तोंडातून एकच शब्द येतो, "बरोबर". पाणी हवंय का? बरोबर. नकोय का? बरोबर. मग स्वतःवरच चिडतात, कधी रडतात.

चार महिने फिजिओ घरी येत होते, आठवड्यातून तीनदा. जाताना म्हणाले, "सहा महिन्यांत यायचं ते येतं, पुढे फक्त आहे ते टिकवायचं." परवा सहा महिने झाले. तेव्हापासून आईने मनावर घेतलंय की आता संपलं. घरात मुठीत दाबायचे दोन स्माइली बॉल, दाराला टांगलेली कप्पी, मसाजचं यंत्र आणि बसून मारायची पेडल सायकल एवढा सरंजाम आहे. खरंच थांबायचं का? आणि नाही, तर यातलं नेमकं काय करायचं?

---

जुनाजाणता | १२ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, धीर सोडू नका. आमच्याकडे लकव्यावर पारव्याचं रक्त चोळतात, पुष्कळांना गुण आलेला पाहिलाय. वैद्यांचं तेल रोज अर्धा तास चोळा, नसा मोकळ्या होतात. माझ्या आईला केलं होतं.

---

नवडावखुरा | १२ जानेवारी, रात्री ११:३८

काका, पारव्याला राहू द्या बिचाऱ्याला. रक्तस्राव नाहीतर गुठळी मेंदूत होते, नस हातात आखडलेली नसते.

कोयनाकाठ, मी स्वतः पेशंट आहे. २०१९ साली, वय ४६, बँकेत काउंटरवर बसल्या बसल्या. माझा रक्तस्राव होता, बीपीच्या गोळ्या "बरं वाटतंय" म्हणून बंद केल्या होत्या. उजवा हात गेला, म्हणून हे नाव. आता हे डाव्या हाताने टाइप करतोय, आणि स्पेसबार उजव्या तर्जनीने दाबतोय. मुद्दाम. एवढं वाचेपर्यंत पन्नास-साठ वेळा दाबला गेला असेल.

सहा महिन्यांचं म्हणाल तर माझा अंगठा सातव्या महिन्यात पहिल्यांदा बाहेर आला. कपडे वाळत घालायचा चिमटा बोटांच्या फटीतून सुटला आणि खाली पडला. बायकोला वाटलं हातातून निसटला. मी म्हटलं, निसटला नाही, मी सोडला. ज्याच्या घरी पेशंट आहे त्यालाच या दोन शब्दांतला फरक कळेल.

हात पूर्ण आला का? नाही. डाव्या मनगटाचं बटण लावायचं तर उजवा हात अजून हरतो. पण कप धरतो, गाडीची किल्ली फिरवतो, सही करतो (बँकेला ती पटत नाही, ते वेगळं).

एक विचारू? तात्यांना शर्ट कोण घालतं? ताटातला घास कोण कालवतं?

---

कोयनाकाठ | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

आई. सगळंच आई करते. त्यांनी हात पुढे केला की ती म्हणते, "असू द्या, मी करते." चाळीस वर्षं त्यांनी सगळ्या गावाचे कपडे शिवले, आता ती त्यांना लहान मुलासारखे कपडे घालते. तिला थांबवायचं कसं, तेही कळत नाही.

---

स्नायूपुराण | १३ जानेवारी, दुपारी २:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मेंदूच्या आजारांच्या पेशंटसोबतच मुख्यतः काम करते. तात्यांना बघितलेलं नाही, तेव्हा खालचं सगळं दिशादर्शक समजा आणि नव्या फिजिओला एकदा दाखवून मगच करा. बीपी ताब्यात आहे ना, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

सहा महिन्यांची भिंत नसते. पहिल्या तीनेक महिन्यांत मेंदू स्वतःहून बरंच सावरतो, म्हणून तेव्हा सुधारणा झपझप दिसते. पुढे वेग मंदावतो आणि जे मिळतं ते कामानेच मिळतं. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात फक्त हातासाठी तीन आठवड्यांत ९० तासांचा कार्यक्रम चालवतात. २०१९ साली त्यांनी २२४ पेशंटचे निकाल छापले. त्या लोकांना झटका येऊन सरासरी दीड वर्ष झालेलं होतं, तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. आता तीन आठवड्यांत ९० तास कुठे आणि आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं कुठे, त्यातही निम्मा वेळ फिजिओ हात हलवतोय आणि पेशंट छताकडे बघतोय.

हेच आमच्या धंद्याचं दुखणं आहे. अमेरिका-कॅनडात काही संशोधकांनी फिजिओच्या सत्रांत बसून नुसतं मोजलं, पेशंटचा हात एका सत्रात कामाची हालचाल किती वेळा करतो. सरासरी आली ३२. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, त्यात रोजच्या आवृत्त्या शेकड्यांत होत्या.

कोयनाकाठ, आज व्यायाम शिकवत नाही. उद्या दिवसभर एकच करा. वही घ्या आणि तात्यांचा उजवा हात स्वतःहून किती वेळा काही करतो ते रेघा मारून मोजा. कोणी हलवून दिला तर ती रेघ नाही.

कप्पी मात्र आजच काढा. कमजोर खांद्याचा सांधा सैल असतो, चांगल्या हाताने दोरी ओढून तो डोक्यावर खेचला की आत चिमटे बसतात आणि खांदा धरतो. दुखरा खांदा झाला की पेशंट पुढचे सगळे व्यायाम नाकारतो. उठवतानाही काखेत हात घालून किंवा हात धरून ओढू नका. कमजोर बाजूला उभं राहून कमरेच्या पट्ट्याला धरा.

---

शंकासुर | १३ जानेवारी, दुपारी ४:०२

डॉक्टरबाई, एक शंका. भारतातच १४ रुग्णालयांत १२५० पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला होता, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटात घरच्यांना व्यायाम शिकवून घरीच करून घ्यायचे, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के लोक दगावलेले किंवा परावलंबी होते. फरक शून्य. मग घरी करून उपयोग काय? आणि रोबोटवर व्यायाम करून घेणारं एक सेंटर आहे, तिथे पाठवावं का? पॅकेज लाखाच्या घरात आहे.

---

स्नायूपुराण | १३ जानेवारी, रात्री ९:१०

अभ्यास खरा आहे, आणि आम्हाला तो झोंबला होता. त्यातून मी घेतलेला धडा असा, की नातेवाइकाला चार गोष्टी दाखवून घरी सोडलं तर ते पुरत नाही. व्यायाम निरुपयोगी आहेत असं त्यातून निघत नाही. काय करायचं हे सांगणं सोपं आहे हो. रोज किती झालं, अवघड कधी करायचं, चुकतंय कुठे, हे बघणारं कोणीतरी लागतं.

रोबोट आणि तसल्या यंत्रांबद्दल: चालण्यासाठी अमेरिकेत ४०८ लोकांवर तुलना झाली, २०११ साली छापून आली. एका बाजूला पट्ट्याने वर टांगून ट्रेडमिलवर चालवणं, दुसऱ्या बाजूला फिजिओने घरी येऊन घेतलेले साधे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. वर्षाने दोन्हीकडे सारखीच सुधारणा, निम्म्याहून थोडे जास्त लोक चालण्यात वरच्या पायरीवर गेले. हातासाठीचा रोबोट ब्रिटनमध्ये ७७० लोकांवर तपासला, २०१९ मध्ये. नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताची कामं जास्त जमायला लागली असं काही दिसलं नाही. यंत्र वाईट नसतं, आवृत्त्या वाढवायला मदत करतं. पण कर्ज काढून जाऊ नका.

---

कोयनाकाठ | १५ जानेवारी, रात्री १०:५५

मोजलं. तात्यांचीच मापाची वही घेतली, छाती-कंबर-शोल्डरचे रकाने असलेली. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत उजव्या हाताच्या रेघा: अकरा. त्यातल्या चार तर जांभई देताना हात आपोआप वर गेला त्याच्या. ताई, त्या धरायच्या का?

आईला वही दाखवली. काही बोलली नाही. रात्री जेवताना तिने पापड त्यांच्या उजव्या हाताजवळ ठेवला आणि उठून आत गेली.

---

नवडावखुरा | १५ जानेवारी, रात्री ११:२०

जांभईच्या धरू नका. मग तात्यांना दिवसभर जांभया द्यायला लावाल.

---

स्नायूपुराण | १६ जानेवारी, दुपारी १:४५

जांभईने हात वर जाणं खरंच होतं, पण नवडावखुरा म्हणतात तसं, ती रेघ नाही.

अकरा हा आकडा बघून घाबरू नका. याला न वापरायची सवय म्हणतात. एडवर्ड टॉब नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माकडांवर दाखवलं होतं: हाताची संवेदना तोडलेलं माकड तो हात वापरायचंच सोडतं, पण चांगला हात बांधून ठेवला की तोच "मेलेला" हात कामाला लागतो. त्यातून माणसांसाठीची पद्धत निघाली. चांगल्या हातात जागेपणीच्या बहुतेक वेळ मिटन (बोटं सुटी नसलेला जाड हातमोजा) घालायचं आणि दोन आठवडे कमजोर हाताकडून काम करून घ्यायचं. २००६ च्या मोठ्या चाचणीत २२२ लोक होते, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांचे, आणि त्यांना फायदा झाला. पण त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून सरळ व्हावी लागतात. तात्यांची होत नाहीत. तेव्हा आज डावा हात बांधून ठेवलात तर नुसता छळ होईल. तो रस्ता पुढचा.

आत्ताचं सांगते. तात्यांचा हात उचलताना कोपर दुमडतो, कारण स्नायू सुटे चालत नाहीत, जुडग्याने चालतात. सिग्ने ब्रनस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश-अमेरिकन थेरपिस्टने याच्या पायऱ्या लिहून ठेवल्यात. आधी हात लुळा, मग ताठरपणा येतो आणि सगळं एकगठ्ठा हलतं, मग हळूहळू जुडगं सुटतं. तात्या मधल्या पायरीवर आहेत. आपल्याला हवंय ते जुडग्याच्या उलट: हात पुढे, कोपर सरळ, बोटं उघडी. म्हणून छताकडे हात उचलायच्या मागे लागायचं नाही. टेबलावर सरकवायचा.

दुकानात कापडं बेतायचं टेबल असेलच ना? आणि इस्त्री?

---

कोयनाकाठ | १६ जानेवारी, दुपारी १:५८

टेबल आहे, कमरेएवढं. इस्त्री जुनी, जड, लाकडी मुठीची. का?

---

स्नायूपुराण | १६ जानेवारी, दुपारी २:३०

मग झालं की! इस्त्री थंड. पिन प्लगमधून काढून वायर गुंडाळून ठेवा, कारण उजव्या हाताला चटका कळेल याची खात्री नाही. तात्यांना पाठीच्या खुर्चीत बसवा, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. कमरेएवढं टेबल बसून उंच पडतं, म्हणून आधी घरातल्या जेवणाच्या टेबलावर करा. कापड अंथरा, उजवा हात मुठीवर, वरून डावा. इस्त्री पुढे ढकलायची, कोपर सरळ होईतो. मग मागे. पाठ पुढे झोकून फसवतील, ते बघा: पाठ खुर्चीच्या पाठीला टेकलेली हवी. डाव्या हाताची मदत हळूहळू कमी. इस्त्री जड गेली तर कॅरम बोर्ड काढा, पावडर टाका आणि तळहाताखाली फडकं घालून सरकवा.

आणि प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा म्हणायला लावा.

---

कोयनाकाठ | १६ जानेवारी, दुपारी २:४१

ताई, ते बोलू शकत नाहीत. लिहिलंय वर.

---

स्नायूपुराण | १६ जानेवारी, दुपारी २:४४

वाचलंय. तरी करा. तुम्ही "एक, दोन" म्हणायला सुरुवात करा आणि तीनला गप्प व्हा.

---

अबोली | १६ जानेवारी, रात्री ८:१५

चटक्याचं ताईंनी सांगितलं म्हणून लिहिते. ह्यांची डावी बाजू गेली, तीन वर्षं झाली. थंडीत हात गार लागला म्हणून मी गरम पाण्याची पिशवी ठेवली. हे गप्प. तासाने बघितलं तर तळहाताला फोड. "दुखलं नाही का हो?" म्हटलं तर म्हणाले, "कुठे?" त्यांच्या लेखी तो हातच नव्हता. ताटातलंही उजवीकडचंच खायचे, डावीकडची भाजी तशीच. मी आपली रागवायची, आवडली नाही तर सांगा म्हणून. नंतर कळलं की डावीकडचं त्यांना दिसूनही दिसत नव्हतं. तेव्हापासून मीठ, लोणचं, रिमोट, मोबाइल सगळं डावीकडे. मीही डावीकडेच बसते.

पायाला आम्ही प्लॅस्टिकचा साचा करून घेतला, बुटात जातो. चवडा लोंबकळत नाही, त्यामुळे पडणं थांबलं. तुम्हीही विचारा.

---

व्हँकुव्हरची_वेणू | १७ जानेवारी, पहाटे ४:५० (तुमच्या वेळेने)

इथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॅनिस एंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातासाठी "ग्रास्प" नावाचा गृहपाठ तयार केलाय. पेशंट आणि घरच्यांनी मिळून करायचा, थेरपिस्ट अधूनमधून बघून पुढची पायरी देतो. १०३ जणांवर चार आठवडे करून बघितला, २००९ मध्ये छापला, हात चांगले सुधारले. पुस्तिका नेटवर फुकट मिळते. माझ्या सासऱ्यांना इथे तोच दिला होता. पेटी आली तेव्हा मला हसूच आलं: कपड्यांचे चिमटे, टॉवेल, चेंडू, कप, राजमा. म्हटलं, हे तर आमच्या स्वयंपाकघरात पडलेलंच आहे.

सासरे राजमा काही निवडेनात. "हे काय पोरकटपणा," म्हणायचे. शेवटी मी भुईमुगाच्या शेंगा आणून पुढे ठेवल्या. शेंगा फोडायला त्यांना कोणी सांगावं लागलं नाही!

---

जुनाजाणता | १७ जानेवारी, सकाळी ९:३०

पारव्याचं मागे घेतो. नात पण ओरडली. पण तेलाचं मागे घेत नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, चोळताना बरं वाटतं.

---

स्नायूपुराण | १७ जानेवारी, दुपारी १:१५

काका, तेल जरूर चोळा. त्वचा चांगली राहते, आखडलेपण तेवढ्यापुरतं सैल होतं, आणि कोणीतरी जवळ बसतं, हे काही कमी नाही. फक्त त्याची रेघ वहीत मारायची नाही.

बॉलचं राहिलंच. हा धागा वाचणाऱ्या निम्म्या घरांत तो पिवळा बॉल असेल. मूठ अजिबात वळत नसेल तर ठीक. पण तात्यांची मूठ मिटतेच, अडचण उघडायची आहे. दिवसभर तो दाबून जे येतंय त्याचाच सराव होतो. (ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो हा समज मात्र बरोबर नाही. अभ्यासात तसं दिसलेलं नाही, त्यामुळे याआधी दाबलेल्या बॉलने नुकसान झालं असं मनाला लावून घेऊ नका.) त्यापेक्षा मनगट टेबलाच्या कडेवरून खाली सोडा: मनगट पडलं की बोटं आपोआप थोडी उघडतात. त्या उघडलेल्या बोटांत रिकामं दोऱ्याचं रीळ द्या, मनगट उचलून धरायचं, खाली सोडून ठेवायचं. सोडणं महत्त्वाचं. ताठरपणा फारच असेल तर डॉक्टर बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, असर तीन-चार महिने राहतो, पण त्या काळात व्यायाम केला तरच पैसे वसूल.

आणि हातात गुंतून पाय विसरू नका. खुर्चीतून उठणं-बसणं. उजवं पाऊल डाव्यापेक्षा वीतभर मागे, म्हणजे भार त्याच्यावर येतो. नाक पावलाच्या पुढे जाईपर्यंत वाका, मग उठा. दहादहाचे चार-पाच हप्ते. शेजारी माणूस, समोर भिंत नाहीतर ओटा. छातीत दुखलं, चक्कर आली, पोटरी अचानक सुजली तर व्यायाम बंद आणि डॉक्टर.

---

व्यवस्थापक | १७ जानेवारी, सायं. ५:००

"सात दिवसांत लकवा बरा"वाल्यांचे दोन प्रतिसाद आणि फोन नंबर उडवले आहेत. औषधांच्या मात्रा इथे कोणी लिहू नयेत. चालू द्या.

---

कोयनाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१०

उशीर झाला, माफ करा. दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली. इस्त्रीच्या पहिल्या दिवशी मी "एक, दोन" म्हणून गप्प बसले. तात्यांनी इस्त्री ढकलली, थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तीन". सहा महिन्यांत "बरोबर"च्या पलीकडचा पहिला शब्द. मग चार, पाच, सरळ वीसपर्यंत. आई स्वयंपाकघरातून पळत आली, हाताला पीठ तसंच. पण नुसतं "सात म्हणा" म्हटलं तर येत नाही, एकपासून चढत गेलं की येतं. ताई, हे काय आहे?

दुसरी. पेडल सायकलवर ते बसायला तयार नव्हते. मी वैतागून म्हटलं, मग तुमची पायमशीन चालवा! आणि खरंच गेले. नव्या फिजिओला आधी विचारलं. ते म्हणाले, वरच्या चाकाचा पट्टा काढा, म्हणजे सुई हलणार नाही, आणि स्टुलाऐवजी हाताची खुर्ची द्या. दोन्ही पावलं पायट्यावर. पहिल्यांदा डावाच रेटत होता, उजवा नुसता पाहुणा. आता टाच-चवडा, टाच-चवडा असा उजवाही जोर लावतो. पाव तास तिथून उठत नाहीत. पट्टा नाही, कापड नाही, तरी मान खाली घालून सुईकडे बघत असतात.

वहीतला कालचा आकडा: १८६.

वाईटही लिहिते. मागच्या सोमवारी बाथरूमच्या उंबऱ्यावर पडले. लागलं नाही, पण तीन दिवस काठीला हात लावला नाही, व्यायामही नाही. त्या तीन रकान्यांत आईने काहीच लिहिलं नाही, शून्यसुद्धा.

---

स्नायूपुराण | १० फेब्रुवारी, दुपारी २:००

आकडे, वार, आरती, पाठ झालेले अभंग हे वेगळ्या वाटेने येतं. ठरवून शब्द शोधावा लागत नाही, ओघात येतं. म्हणून वाचा गेलेला माणूस कधी कधी अख्खी आरती म्हणतो आणि पाणी मागता येत नाही. कराडजवळ वाचा-उपचार करणारं कोणी मिळतंय का बघा, ते यावरूनच पुढे नेतात.

पायमशीनची कल्पना मी ढापली आहे. माझ्याकडे एक शिंपीणबाई आहेत.

बाथरूमला उंबरा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना पकडायला दांडा बसवा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर आधी. आणि रडणं, चिडणं, तीन दिवस गप्प बसणं हे डॉक्टरांना सांगा. झटक्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, त्यावर औषध आहे.

---

शंकासुर | १० फेब्रुवारी, सायं. ६:३०

अकरावरून १८६! पण हाताने काम काय झालं? आकडा वाढला आणि घास तोंडात गेला नाही तर काय उपयोग?

---

नवडावखुरा | १० फेब्रुवारी, रात्री १०:१५

शंकासुर, तुम्ही एकदा डाव्या हाताने आठवडाभर जेवा, मग बोला. (प्रश्न बरोबर आहे, तुमचा सूर चुकला.)

कोयनाकाठ, थकव्याचं कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. हा थकवा झोपून जाणारा नसतो. माझा दुपारी चारला स्विच बंद व्हायचा, शब्दही अडखळायचे. घरच्यांना वाटायचं आळस. अवघड व्यायाम सकाळी उरका. दुपारी शेंगा फोडू द्या.

---

कोयनाकाठ | २१ मार्च, रात्री ९:४५

शंकासुर, घास अजून डाव्यानेच. पोळीचा तुकडा मोडताना मात्र उजवा हात पोळी दाबून धरतो. आई आता "असू द्या" म्हणायच्या आधी ओठ मिटून दहापर्यंत मोजते. मी बघितलंय.

परवा रविवारी माझा भाचा आला होता. शाळेचा शर्ट आखूड झाला म्हणून रडगाणं चाललेलं. तात्यांनी डाव्या हाताने खुंटीवरची टेप ओढली आणि त्याला जवळ बोलावलं. टेपचं पितळी टोक उजव्या अंगठा-तर्जनीत धरलं. धरायला बराच वेळ लागला, दोनदा सुटलं. भाचा हालला नाही, नाहीतर एरवी मिनिटभर उभा राहत नाही. डाव्या हाताने टेप छातीभोवतीने फिरवून आणली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "अठ्ठावीस."

एकपासून न मोजता, एकदम.

मी मागाहून टेप लावून बघितली. छाती सव्वीस आहे. पण वहीत अठ्ठावीसच लिहिलंय.

---

जुनाजाणता | २१ मार्च, रात्री ९:५८

वाढत्या अंगाचं पोर आहे, दोन इंच लूज धरूनच सांगितलं असेल त्यांनी. जुने टेलर असंच करतात.

---

स्नायूपुराण | २२ मार्च, दुपारी १:३०

अंगठा-तर्जनीत टेप धरतात म्हणजे आता मिटनचं बोलता येईल. तुमच्या फिजिओला मनगट किती अंश वर येतं ते मोजायला सांगा. रीळ सोडताना एक व्हिडिओ काढा, बाजूने, मनगट दिसेल असा. आणि स्माइली बॉलचं काय केलंत?

---

कोयनाकाठ | २२ मार्च, रात्री १०:२०

एक भाचा घेऊन गेला. दुसरा आईने टाचण्या टोचून ठेवायला घेतलाय.